शाळा सोडली म्हणे

कॅरमची स्पर्धा यंदाही यॉर्कलाच, असा मेसेज मंडळाच्या ग्रुपवर आला आणि मला राग आला. मेसेजमध्ये रागावण्यासारखं काही नव्हतं. तारीख होती, हॉलचा पत्ता होता, 'डबे आपापले आणावेत' असं होतं आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग होती. पण मेसेजच्या मागून बॅनर येणार हे मला ठाऊक होतं. चहा गार होईपर्यंत मी फोनकडे बघत बसले.

तसाही या दिवसांत माझा पारा चढलेलाच असतो. इथं लीड्समध्ये घड्याळं तासभर मागं घेतात, दुपार संपायच्या आत दिवे लागतात, ओली पानं फुटपाथला चिकटून बसतात आणि लोक म्हणतात, ऑटम किती सुंदर! असेल. माझ्या अंगात मात्र दुसरंच कॅलेंडर टांगलेलं आहे. त्यात दसरा झाला की गाड्या येतात. आमच्या बीडकडच्या गावात ट्रक येऊन उभा राहायचा, आणि त्यात भांडी, अंथरुणं, पाण्याची टाकी, खुराड्यातल्या कोंबड्या आणि वरती माणसं. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाची दारं कुलपांनी बंद. हंगाम सुरू. इकडची पानं पडायला लागली की तिकडे उसाला तुरे आले असतील, हे मला कुणी सांगावं लागत नाही. पोटात कळतं.

मागच्या वर्षी मी पहिल्यांदा यॉर्कला गेले. आमचे हे लीड्सच्या एका हॉस्पिटलात नर्स आहेत. पुरुषही नर्स असतो हे आमच्या गावाला अजून पटलेलं नाही. त्यांच्यामुळे मी इथं आले, आणि आता हॉस्पिटलच्याच किचनमध्ये जेवणाच्या ट्रॉल्या लावते. या देशाचे माझ्यावर उपकार आहेत, हे मी रोज म्हणते. नळाला गरम पाणी येतं तेव्हा म्हणते. बसचा ड्रायव्हर 'लव्ह' म्हणून हाक मारतो तेव्हा म्हणते. हे हसतात. म्हणतात, "तू नळाला थँक्यू म्हणणारी पहिलीच बाई." पण मला धास्ती असते. वाटतं, आभार मानायचे राहिले तर कुणीतरी येऊन म्हणेल, तुम्ही चुकून आलात, चला परत.

आमच्या विहारात जयंतीच्या कार्यक्रमाला कॅरम ठेवला होता. तिथं मी खेळले, ते कुणीतरी मंडळाच्या कानावर घातलं, आणि मंडळाच्या सेक्रेटरी, मिल्टन कीन्सच्या अनघाताईंचा फोन आला. त्यांची नेहमीची पार्टनर इंडियाला गेली होती. "वंदना, तू माझ्याबरोबर लेडीज डबल्स खेळशील का गं?" इतक्या मोठ्या बाईनं स्वतः फोन करून विचारावं! मी उभी राहूनच हो म्हटलं. फोनवर उभं राहायचं काय कारण, ते विचारू नका.

आदल्या रात्री त्यांचा मेसेज आला, 'सकाळी मिकलगेट बारला भेटू.'

बारला! सकाळी! मी यांना विचारलं, "अहो, बायका सकाळी सकाळी बारमध्ये?" हे म्हणाले, "इंग्लंड आहे, असेलही. तू बाहेर उभी राहा." ट्रेनमध्ये मी पर्स उघडून तिकीट बघत होते, पर्स बंद करत होते, आणि मनात एकच, की त्यांनी ग्लास पुढे केला तर नाही कसं म्हणायचं. यॉर्कला उतरले. स्टेशनातून बाहेर पडताच समोर तटबंदी, थेट आपल्या किल्ल्याची वाटावी अशी. मी विचारत विचारत त्या रस्त्याला लागले आणि दोन्ही बाजूंना बारची पाटी शोधत राहिले. मोठ्या दगडी वेशीखालून कुणीतरी हात करत होतं. अनघाताई, आणि त्यांची मुलगी तन्वी. तन्वी इथंच जन्मलेली, आता नोकरीला लागलेली.

"अगं, कधीपासून इथंच उभ्या आहोत! तू समोरून दोनदा गेलीस."

"ताई, मी बार शोधत होते."

"हाच तो बार!" त्या वेशीच्या दगडावर थाप मारत म्हणाल्या.

तन्वीनं समजावलं, "मावशी, यॉर्कमध्ये गेट म्हणजे स्ट्रीट. आणि बार म्हणजे गेट. आणि पब म्हणजे बार. इझी."

इझी म्हणे. ज्या गावात रस्त्याला गेट म्हणतात आणि वेशीला बार म्हणतात, त्या गावाला कुणी अडाणी म्हणत नाही. तिथं तिकीट लावतात. आमच्या आईनं बँकेला 'ब्यांग' म्हटलं तर काउंटरवरचा माणूस शेजारच्याला डोळा मारायचा.

शहर मात्र पायांना आवडलं, ते कबूल करते. सगळं चालत. तटावरून चाला, खाली उतरा, बोळातून चाला, बोळ इतका अरुंद की वरच्या मजल्यांची डोकी एकमेकांना टेकतील. मोठं चर्च कुठूनही दिसतं, त्यामुळे हरवायची भीती नाही. अनघाताई तर लहान मुलीसारख्या खूश. "आमच्याकडे मिल्टन कीन्सला दूध आणायचं तरी गाडी काढा आणि चार राउंडअबाउट फिरा. इथं बघ, माणूस माणसासारखा चालतोय!"

पूल आला. खाली नदी, पावसानं फुगलेली, काकवीच्या रंगाची. काठावरचा रस्ता बुडाला होता आणि त्यावर बदकं फिरत होती.

"तो नदीचं नाव ऊझ आहे," तन्वी म्हणाली.

"ती नदी. तिचं नाव," अनघाताईंनी सुधारलं.

"ओके, ती नदी. ऊझ."

मला ऐकू आलं, ऊस.

"ऊस?"

"नो मावशी, ऊझ. झेड."

म्हटलं, बरं. पण कानात एकदा शिरलेला शब्द बाहेर काढता येत नाही. इतके समुद्र ओलांडून आले, नवं नाव, नवं काम, नवा कोट, आणि पुलाखालून वाहतोय कोण? ऊस. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

स्पर्धेचा हॉल नदीजवळच्या गल्लीत होता. आत गेलो. बोर्ड मांडलेले, दिवे टांगलेले, पोह्यांचा वास, ओळखीची मराठी. स्टेजवर बॅनर. बॅनरवर फोटो: तोडून झालेलं रान, आणि त्यात उभी एक पोरगी, कडेवर भाऊ. भावाच्या नाकाला शेंबूड. पोरीच्या केसात पाचटाचा तुकडा. खाली मोठ्या अक्षरांत:

'त्यांनी शाळा सोडली. आपण त्यांना सोडायचं नाही.'

स्पर्धेचा सगळा पैसा ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वसतिगृहाला जातो, हे मला अनघाताईंनी फोनवर सांगितलं होतं. ऐकून बरंच वाटलं होतं. बॅनरचं कुणी सांगितलं नव्हतं.

इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, मराठी मी भरभर वाचते. ती ओळ एका नजरेत आत गेली आणि तिथंच अडकली. सोडली. कुणी? त्यांनी. म्हणजे त्या शेंबड्या पोराच्या बहिणीनं. जशी कुणी सिगारेट सोडतं, नोकरी सोडतं, नवरा सोडतं, तशी हिनं शाळा सोडली. एक दिवस उठली, विचार केला, आणि दिली सोडून.

सातवीत गुरुजींनी मला शेवटचं जे शिकवलं ते कर्ता, कर्म, क्रियापद. फळ्यावर वाक्य लिहायचे आणि म्हणायचे, "क्रियापदाला प्रश्न विचारा, कोण? जो ओ देईल तो कर्ता." आम्ही ओरडून विचारायचो, कोण? पुढचा धडा प्रयोगांचा होता. कर्तरी आणि कर्मणी. तो धडा यायच्या आधी गाडी आली.

गाडी आली तेव्हा धाकटा भाऊ नुकता बसायला लागला होता. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला कुणी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देत नाही. म्हणजे आई हवीच. आणि आई पहाटेपासून फडात, तर तान्हं कोण बघणार? मोठी पोरगी. आई म्हणाली, "औंदा राहू दे माय, पुढल्या साली जाय." पुढल्या साली अजून एक बहीण झाली होती. एका हंगामात कारखान्यानं पत्र्याच्या शेडमध्ये आमच्यासारख्यांसाठी साखरशाळा काढली. नाव बघा किती गोड! मी भावाला कडेवर आणि बहिणीला बोटाला धरून जायचे. बाई चांगल्या होत्या, मांडी घालून शिकवायच्या. मग एके दिवशी बाई आल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत, आणि त्या शेडमध्ये युरियाच्या गोण्या लागल्या. मी मात्र शेडपर्यंत रोज जायचे. आता सांगा, कुणी कुणाला सोडलं?

हे सगळं त्या हॉलमध्ये उभ्या उभ्या आठवलं. तेवढ्यात आमचं नाव पुकारलं.

खेळायला बसले की मात्र माझे हात माझे असतात. कॅरम मी शिकले तो कारखान्याच्या फाटकाबाहेर. उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असायची, ड्रायव्हर लोकांना नंबर येईपर्यंत काम नसायचं, आणि रांगेच्या कडेला पंक्चरवाल्याचं खोपटं होतं. त्यानं बोर्ड ठेवला होता. बोरिक पावडर कुठली? टायरच्या ट्यूबमध्ये घालायची पांढरी पावडर असते, तीच बोर्डावर भुरभुरायची. सोंगट्या अशा पळायच्या! मी भावाला घेऊन कडेला उभी. बघून बघून डोळ्यांना कोन कळायला लागले. पंक्चरवाला एक दिवस म्हणाला, "ए पोरी, पोराला ठेव खाली, मार एक." मारला. रबराचा आणि पावडरचा तो वास मला अजून हॉलमध्ये येतो. बाकीच्यांना पोह्यांचा येत असेल.

पहिल्या दोन फेऱ्या आम्ही सहज काढल्या. अनघाताई बारीक चिमटीतून सोंगटी घालायच्या, मी लांबून कापायचे. डबल्सला पार्टनर समोरासमोर बसतात, त्यामुळे सगळा वेळ एकमेकींचं तोंड बघायचं. त्यांच्या तोंडावर इतकं कौतुक होतं की माझीच मान खाली जायची. "कुठं शिकलीस गं असं?" त्यांनी विचारलं. "गावाकडं," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

सेमीफायनलला वेळ होता, म्हणून आम्ही फिरायला बाहेर पडलो. गार वारा होता. माझ्याकडे हातमोजे नाहीत हे बघून अनघाताईंनी स्वतःचे काढून मला दिले आणि आपले हात खिशात घातले. मी नको नको म्हणत राहिले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात त्या बाई वाईट वाटतील, आणि त्या वाईट नाहीत. दर वर्षी सुट्टी काढून त्या वसतिगृहावर जातात. तिथल्या मुलींच्या डोक्यातल्या उवा त्यांनी मांडीवर घेऊन काढल्या आहेत. माझ्या डोक्यातल्या कुणी काढल्या नव्हत्या.

बोळातल्या एका मिठाईच्या दुकानात एक माणूस संगमरवरी फरशीवर उकळता पाक ओतून उलथन्यानं परतत होता. लोक गोल करून बघत होते. काचेवर एक पाटी, तन्वीनं वाचून दाखवली: हे शहर गोडासाठी कसं प्रसिद्ध, पूर्वी साखर बोटीत भरून नदीनं कशी यायची. साखर यायची. स्वतःच. चालत आली असेल, पायी फिरायचंच शहर. पाकाचा वास नाकात गेला आणि मला एकदम कारखान्याचा भोंगा ऐकू आला, मळीचा वास आला, पाय आपोआप मागं सरले. तन्वीनं चवीला तुकडा आणून दिला. मी खाल्ला. चांगला होता, त्याचाही राग आला.

तटावर चढलो. चालता चालता अनघाताई म्हणाल्या, "खरं सांगू का वंदना? आम्ही इतका फंड जमवतो, पण पैशाचा प्रश्न नाहीच आहे. मेंटॅलिटीचा आहे. त्या लोकांना शिक्षणाची किंमतच नसते गं. पोरीच्या कडेवर पोर दिलं की आईबाप मोकळे."

"मोकळे?" मी विचारलं.

"म्हणजे, तोडायला मोकळे."

"हो. तोडायला मोकळे."

त्यांना माझ्या आवाजात काही ऐकू आलं नाही. वारा होता. त्या पुढच्या बुरुजाचा फोटो काढायला थांबल्या आणि मी कठड्याला धरून उभी राहिले. आई आठवली. अंधारात फडात जायची, अंधारात यायची. हातांना उसाच्या पात्यांचे चरे, त्यात मीठ लागून चरचरायचं म्हणून भाकरी थापताना दात आवळलेले. एकदा मी कोपीत, म्हणजे आमच्या पाचटाच्या झोपडीत, चिमणीजवळ बसून जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा वाचत होते. आई मागून आली आणि काही न बोलता चिमणीची वात वर केली. उजेड वाढला. त्या दिवशी रॉकेल कमी होतं, हे मला नंतर कळलं. त्या लोकांना शिक्षणाची किंमत नसते! तटाचे दगड उपटून नदीत फेकावेत असं वाटत होतं. आणि हातात मोजे त्यांचेच, ऊबदार.

सेमीफायनलला बसलो. अंपायर नॉटिंगहॅमचे एक गृहस्थ, फार कडक. अनघाताई समोर, आणि त्यांच्या डोक्यावर बरोबर बॅनर. म्हणजे मी मान वर केली की आधी माझी पार्टनर, मग ती पोरगी, मग ती ओळ. बोर्ड चांगला चालला होता. समोरच्या कोपऱ्याजवळ राणी मोकळी होती, आणि पाळी माझी. मी स्ट्रायकर ठेवला, नेम धरला आणि माझ्या तोंडातून निघून गेलं,

"ताई, त्या फोटोतली मी आहे."

अनघाताईंनी वळून बॅनरकडे बघितलं. "काय? अगं, तो फोटो आम्ही गेल्याच वर्षी काढलाय!"

"ती नाही. पण मीच."

"पार्टनरशी बोलायचं नाही," अंपायर म्हणाले.

मी मारला. राणी गेली. कुणीतरी टाळी वाजवली. राणी घेतली की लगेच आपली एक सोंगटी घालून कव्हर द्यावं लागतं. आमची पांढरी खिशाच्या तोंडावर बसली होती, फुंकर मारली तरी जाईल अशी. मी स्ट्रायकर परत ठेवला.

"आणि मी शाळा सोडली नाही."

"ताई, वॉर्निंग," अंपायर म्हणाले.

"द्या," मी म्हटलं. "द्या वॉर्निंग."

आणि मारला. फुंकरीनं जाणाऱ्या सोंगटीला मी घण घातला. सोंगटी गेली आणि तिच्या मागोमाग स्ट्रायकरही खिशात गेला. फाउल. घातलेली सोंगटी वर, राणी वर, आणखी एक दंडाची वर. तिथून आम्ही हरत गेलो ते हरलोच. बघणाऱ्यांपैकी एकजण शेजारच्याला म्हणाला, "टेंपरामेंट नाही." एवढं इंग्रजी मला येतं.

मग नदी. पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या, वरच्या बाकावर आम्ही तिघी, मध्ये चिप्स. बदकं भीक मागत होती. मी त्यांना सगळं सांगितलं. गाडी, भाऊ, बहीण, पत्र्याची शेड, युरिया. तन्वी चिप्स खायची थांबली होती. अनघाताईंनी चिप्सचा पुडा बाजूला सारला. मग माझा हात धरून कळवळून म्हणाल्या, "अगं, मग तू आधी का नाही बोललीस?"

झालं. तिथं माझा बांध फुटला.

"बघा ताई, परत मीच! मी सोडली, मी बोलले नाही. हरलो तेही मीच. सगळ्या वाक्यांत मीच कशी हो?"

त्या हात सोडतील असं वाटलं. नाही सोडला. तन्वी हळूच म्हणाली, "मम्मी, शी'ज राइट."

"आहेच," अनघाताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. मग एकदम मंडळाच्या सेक्रेटरी झाल्या, नाक पुसलं आणि विचारलं, "मग काय लिहायचं, सांग. पुढच्या वर्षी तेच लिहू."

आणि मला सांगता आलं नाही. इतकी चिडले होते, आणि हातात शब्द नव्हता. तो प्रयोगांचा धडा मला मिळाला असता तर कदाचित तिथल्या तिथं सांगितलं असतं. ट्रेनमध्ये अंधाऱ्या काचेत बघत सगळी क्रियापदं म्हणून बघितली. राहिली, सुटली, गेली, हुकली. एकही बसेना. माझ्या आयुष्यात झाली ती गोष्ट एवढी मोठी, आणि तिला साधं क्रियापद मिळू नये, याचाही त्या रात्री राग आला.

वर्षभर ट्रॉल्या ढकलताना तो शब्द शोधत होते. वॉर्डातल्या म्हाताऱ्या इंग्रज बाया विचारतात, "स्कूल लीव्हर आर यू, लव्ह? मी टू, अॅट फोर्टीन." त्यांच्याकडेही तेच, लीव्हर. सोडणारी. इकडून तिकडे सगळ्या भाषांनी मिळून ठरवलंय की काय!

आणि परवा बॅनर आलं. यंदाचं. फोटोत आता कुणाचा चेहरा नाही, नुसतं रान आहे आणि कडेला एक पाटी-दप्तर. 'त्या फोटोतली मी आहे' म्हटलं होतं, तेवढं ऐकलं त्यांनी. खाली ओळ:

'त्यांची शाळा सुटली. आपण हात सोडायचा नाही.'

मी पहिल्यांदा हसले. किचनमध्ये एकटीच मोठ्यानं हसले. शाळा सुटली! घंटा झाली, पोरं दप्तरं उडवत घराकडे पळाली. कोण म्हणेल हे दुःखाचं आहे? वाचणाऱ्याला वाटेल, आज लवकर सुट्टी दिसते. ग्रुपवर मात्र अंगठ्यांवर अंगठे पडत होते.

मग तन्वीचा व्हॉइस मेसेज आला. "मावशी, बघितला बॅनर? मम्मी म्हणाली 'सोडली'मध्ये ब्लेम आहे. सो मी व्हर्ब चेंज केला. आता त्यात कोणाचाच फॉल्ट नाही."

कोणाचाच फॉल्ट नाही.

पोरीनं इतक्या मायेनं सांगितलं. आणि मी ओट्याला धरून उभी राहिले, कारण हे तर आधीच्याहून वाईट होतं. आधी निदान दोष माझ्यावर तरी होता, म्हणजे दोष होता एवढं तरी कबूल होतं. आता तोही गेला. आंबा देठापासून सुटावा तशी आमची शाळा सुटली. गळीत हंगामात पोरं गळतात म्हणे, सरकारी भाषेत त्याला गळती म्हणतात, जणू आम्ही नळाचं पाणी.

कारखान्याच्या कॉलनीत साहेबांच्या पोरांची शाळा होती. तिची घंटा आमच्या कोपीपर्यंत ऐकू यायची. संध्याकाळी घंटा झाली की पांढरे शर्ट फाटकातून बाहेर सांडायचे. शाळा सुटायची. रोज सुटायची, आणि रोज सकाळी परत भरायची. मी भावाला कडेवर घेऊन बांधावर उभी राहायचे, तो हात हलवायचा, त्याला मजा वाटायची. आमच्या मागं फडात कोयते चालू असायचे. खच, खच. ऊस असा सुटत नाही हो. गळतही नाही. उभा असतो, हिरवा, तुरा आलेला, आणि त्याला मुळाशी...

सापडला. ओट्यापाशी उभ्या उभ्या सापडला. सगळं वर्ष परक्या शब्दांत शोधत होते, आणि तो आमच्या घरचाच होता, आईच्या हातातला.

मंडळाच्या ग्रुपवर मी कधी काही लिहीत नाही. वाढदिवसाला केक टाकते, तेवढंच. सगळे शिकलेले लोक, एखादी वेलांटी चुकली तर? त्या दिवशी एकेक वेलांटी तपासत टाइप केलं. लिहिलं, 'बॅनरमध्ये दुरुस्ती. सोडली नाही आणि सुटली पण नाही. त्यांची शाळा तोडली, असं लिहा.' खाली नाव लिहिलं. वंदना, लीड्स. मग काही विसरल्यासारखं वाटलं, म्हणून लिहिलं, 'आभारी आहे.'

कुणीतरी लिहितंय असं दिसायचं आणि थांबायचं. एकानं लिहिलं, फार स्ट्राँग वाटतं. दुसऱ्यानं, डोनर लोकांना आवडणार नाही. अनघाताईंनी लिहिलं, "तेच छापायचं," आणि पुढं एक अक्षर नाही.

मग तन्वीचा मेसेज, फक्त मला. "मावशी, ग्रामर विचारते. शाळा तोडली, राइट? पण मग हा सेंटेन्स इनकम्प्लीट आहे. कोणी तोडली?"

कोणी.

फळ्यावर खडूचा आवाज आला. गुरुजी वळले. सगळा वर्ग ओरडला. इतकी वर्षं मी कुणीतरी क्रियापदाला हा प्रश्न विचारेल म्हणून थांबले होते, आणि विचारला कुणी, तर नदीला तो म्हणणाऱ्या पोरीनं.

फोनवर लिहून संपणारं ते उत्तर नव्हतं. तिला कळवलं, ये यॉर्कला. बारपाशी भेट, यंदा मी चुकायची नाही. काठाकाठानं चालू आणि एकेकाचं नाव सांगते. मोठी नावं आहेत त्यात, आणि उसाचा काठ लांब आहे.